एका पोर्टवर तीन लाइट: सात महिन्यांनंतर

मागच्या महिन्यात एका संध्याकाळी माशांच्या टाकीजवळ जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. हीटर असेल म्हणून आधी तोच बंद केला. वास काही जाईना. खालच्या कपाटात हात घातला तर टाकीवरचे लाइट मंद-प्रखर करणाऱ्या कंट्रोलरच्या पहिल्या पोर्टजवळ चटकाच बसला. एका पोर्टमधून तीन वायरी काढणाऱ्या स्प्लिटरची पिन ओढली, तर वरचं काळं प्लॅस्टिक हातात आलं आणि आतला धातू सॉकेटमध्येच रुतून बसला. भोवती तपकिरी कडं, इस्त्रीने कापड करपावं तसं.

मांडणी अशी: चार फुटी झाडांची टाकी, वर १२ व्होल्टच्या तीन एलईडी पट्ट्या, प्रत्येकी २४ वॉट, म्हणजे २ ॲम्पिअर. कंट्रोलरला दोन पोर्ट, दुसऱ्यावर रात्रीची निळी पट्टी. एका पोर्टची मर्यादा ४ ॲम्पिअर, आणि ती छापलीय कंट्रोलरच्या पाठीवर, मुंगीएवढ्या अक्षरांत. खोक्यावर मात्र ठळक: ‘एकाच वेळी अनेक लाइट चालवा’.

दोन पट्ट्यांतच पोर्ट भरतो हे मला कळत होतं. पण एका पट्टीसाठी दुसरा कंट्रोलर घ्यायचा हे मनाला पटेना. शिवाय तिन्ही पट्ट्या पूर्ण उजेडात ठेवल्या की माझ्या टाकीची काच दहा-बारा दिवसांत शेवाळाने हिरवी होते, म्हणून मी कायम ६० टक्क्यांवर. सहाचे ६० टक्के ३.६. मर्यादा ४. बसलं की! तीन तोंडांचा स्प्लिटर लावला आणि स्वतःवरच खूश झालो.

सहा महिने खरंच मजेत गेले. आधीच्या टायमरने खट्कन उजेड पडायचा आणि निऑन टेट्रा मासे काचेवर जाऊन आपटायचे. आता ४० मिनिटांत हळूहळू उजाडतं, आणि ते व्हॅलिसनेरियाच्या झाडांमागून एकेक करून बाहेर येतात. एवढ्यासाठी तेव्हा मी डोळे झाकून पाच तारे दिले असते.

पिन वितळल्यावर विक्रेत्याला फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘सर, एका पोर्टला एकच लाइट लावायचा असतो.’ मग खोक्यावर ‘अनेक’ कशाला? ‘ते दोन्ही पोर्ट मिळून, सर.’ दोनाला अनेक म्हणणारी भाषा कुठे शिकवतात देव जाणे. वॉरंटी गेली. चार दिवस भांडलो, एका ताऱ्याचा सणसणीत मजकूरही लिहून ठेवला होता.

तो टाकला नाही, कारण मग कागद-पेन्सिल घेऊन बसलो आणि निम्मा राग माझ्याकडेच वळला. हा कंट्रोलर उजेड कमी करतो तो करंट बारीक करून नाही. तो लाइट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतो, याला पीडब्ल्यूएम म्हणतात. ६० टक्के म्हणजे ६० टक्के वेळ चालू, आणि तेवढ्या वेळात पूर्ण ६ ॲम्पिअर. सरासरी ३.६ येते, ती खोटी नाही. पण पिन सरासरीवर तापत नाही, करंटच्या वर्गावर तापते. सलग ४ ॲम्पिअर वाहिले तर चाराचा वर्ग १६. माझ्याकडे सहाचा वर्ग ३६, त्याचे ६० टक्के २१.६. म्हणजे मी निवांत असताना पिन मर्यादेपेक्षा ३५ टक्के जास्त तापत होती, रोज आठ तास. ४४ टक्क्यांवर उष्णतेचा हिशोब जेमतेम जुळला असता, पण दर झटक्याला ६ ॲम्पिअर तेव्हाही गेलेच असते. आणि माझा अडॅप्टर ८ ॲम्पिअरचा, त्यामुळे त्याने तक्रार करायचा प्रश्नच नव्हता.

तिसऱ्या पट्टीखालची झाडं का रखडतात, तेही यातच कळलं. त्याच स्प्लिटरला नवी पिन लावून दुसऱ्या पोर्टवर दोन मिनिटांपुरत्या तिन्ही पट्ट्या १०० टक्क्यांवर लावून मोजलं (कमी टक्क्यांवर मल्टिमीटर सरासरी दाखवतो, फसायला होतं). अडॅप्टरपाशी १२.१ व्होल्ट, तिसऱ्या पट्टीपाशी ११.२, म्हणजे उजेडही कमी. स्प्लिटरची वायर सुतळीपेक्षाही बारीक, मधल्या मध्ये एवढं खाऊन बसलेली.

आता सगळं दुसऱ्या पोर्टवर आहे. निळ्या पट्टीला सुट्टी दिली. तिची गरजही नव्हती म्हणा, कंट्रोलरचा स्वतःचा निळा दिवाच इतका प्रखर की रात्रभर चांदणं फुकट. दोन पट्ट्या जाड वायरच्या स्प्लिटरवर, तिसरी पीडब्ल्यूएम ॲम्प्लिफायरमधून. ही काडेपेटीएवढी डबी पोर्टकडून फक्त इशारा घेते, तोही काही मिलीॲम्पिअरचा, आणि पट्टीचा करंट स्वतःच्या अडॅप्टरमधून देते. जुन्या मॉनिटरचा १२ व्होल्ट ३ ॲम्पिअरचा पडून होता, तो लागला कामाला. डबी दुसऱ्या कंट्रोलरपेक्षा कितीतरी स्वस्त पडली. पहाटेच्या पहिल्या दोन-तीन टक्क्यांत तिसरी पट्टी किंचित उशिरा उजळते. माशांची हरकत दिसत नाही.

झाडं सावरताहेत. महिनाभर रोज संध्याकाळी पिनेला बोट लावून बघतोय. कोमट.

साडेतीन तारे. अर्धा मुंगीएवढ्या अक्षरांचा कापला, एक त्या ‘अनेक’चा.