कॅन्सरच्या दुखण्याला ट्रामाडोल, पॅच की मॉर्फिनची गोळी?

घरी कॅन्सर पेशंट आहे, दुखणं थांबत नाही आणि मेडिकलवाला म्हणतो मॉर्फिन आम्ही ठेवतच नाही, तर हे वाचा. मामांच्या आजारपणात आम्ही तिन्ही वापरलंय.

ट्रामाडोल त्यातल्या त्यात लवकर मिळतं, पण 2018 पासून तेही एनडीपीएसमध्ये, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, आलंय. मध्यम दुखण्याला ठीक आहे, पण दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या वर जाता येत नाही आणि मामांचा कॅन्सर हाडात उतरलेला, रात्री दोनला माणूस उशीचं टोक दातात धरून बसायचा आणि पुढच्या गोळीला अजून तीन तास.

पॅच म्हणजे फेंटानिल, एकदा चिकटवला की तीन दिवस. गिळता येत नसेल, सारख्या उलट्या असतील तर हाच बरा. पण महाग पडतो, गुण यायला अर्धा दिवस तरी जातो, आणि ताप असेल किंवा शेकायची पिशवी ठेवली तर औषध अंगात जास्त जातं, ते धोक्याचं. मॉर्फिनसारखं काही आधी सुरू नसेल तर थेट लावत नाहीत.

मॉर्फिनची साधी गोळी स्वस्त, दर 4 तासांनी, आणि डॉक्टर दुखण्याप्रमाणे डोस वाढवू शकतात. पोट गच्च होतं, म्हणून पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. मामा तिसऱ्या रात्री सलग झोपले, सकाळी स्वतःहून चहा मागितला.

मग हीच गोळी का मिळत नाही? 1985 चा हा एनडीपीएस कायदा नशेबाजी रोखायला आला, पण नोंदीत चूक झाली तरी दहा वर्षं आत जायची भीती आणि एका खरेदीला चार-पाच परवाने, त्यामुळे हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं, 1997 पर्यंत देशातला वापर तब्बल 97 टक्क्यांनी घसरला. आणि मॉर्फिन जिच्यापासून बनतं ती अफू पिकते कुठे, तर आपल्याच मध्य प्रदेशात नीमच-मंदसौरला, सरकारी परवान्यावर! याचा मला अजून संताप येतो. 2014 च्या दुरुस्तीने परवान्यांची भानगड कमी झाली, तरी आमच्या गावाजवळच्या मोठ्या हॉस्पिटलात पॅच होता, गोळी नव्हती.

माझं मत, गिळता येत असेल तर मॉर्फिनसाठीच खेटे घाला. परळच्या टाटात किंवा जवळच्या कॅन्सर हॉस्पिटलात पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारा विभाग विचारा, आणि पेशंटला न हलवता फक्त फाइल घेऊन आलेलं चालेल का, हे निघायच्या आधी फोनवर नक्की करा.