पिकअपचं ऑइल कुठे बदलायचं: अंगणात, गावातल्या गॅरेजात की कंपनीच्या वर्कशॉपमध्ये?

वॉरंटी संपलेली पिकअप, अंगणात सिमेंटचा सपाट कोबा आणि जळकं ऑइल नेऊन द्यायची ठरलेली जागा, या तीन गोष्टी असतील तर ऑइल आणि फिल्टर घरीच बदलावं, असं माझं स्पष्ट मत आहे. यातली एक जरी नसेल तर मात्र मी आग्रह धरणार नाही. डोळ्यासमोर आहे ती आपल्याकडे घरोघरी दिसणारी बोलेरो पिकअप किंवा तिच्या जातीची डिझेल गाडी: आठवडाभर कांदा, टोमॅटो, दूध किंवा सिमेंट वाहणारी आणि मालकानेच चालवलेली.

पैशांचं आधी बोलतो. बहुतेक जण बचतीसाठी घरी करायचं म्हणतात, आणि बचत तिथेच सर्वांत कमी आहे. ऑइल आणि फिल्टर कुठेही घेतला तरी भावात फार फरक पडत नाही. वाचते ती मजुरी, आणि गावातल्या गॅरेजात ती फारशी नसतेच. उलट पहिल्या वेळी योग्य मापाचा रिंग पाना, फिल्टर पाना, नरसाळं, रुंद घमेलं आणि उचललेली गाडी टेकवायला दोन मजबूत घोड्या (स्टँड) घ्याव्या लागतात. कंपनीच्या वर्कशॉपचं बिल जास्त होतं हे खरं, पण त्यात ब्रेक, स्टिअरिंगचे जोड, प्रोपेलर शाफ्टचं ग्रीसिंग हेही पाहिलं जातं. घरी करणाऱ्याने ते वेगळं करून घ्यायचं असतं, आणि बरेच जण ते विसरतात.

खरी बचत वेळेची. हंगामात नारायणगावहून टोमॅटो भरून रात्री माळशेज घाट उतरायचा आणि वाशीचं मार्केट गाठायचं, अशा गाडीचा एक दिवस वर्कशॉपच्या रांगेत गेला तर एक भाडं बुडतं. घरी हेच काम बाजाराच्या सुट्टीच्या सकाळी, चहा-नाश्त्याच्या आत उरकतं. गावातलं गॅरेज यात घराच्या जवळपास येतं. वर्कशॉप बरंच मागे पडतं, विशेषतः ते तालुक्याच्या नाहीतर जिल्ह्याच्या गावी असेल तर.

आता मुख्य मुद्दा: इंजिनात नेमकं काय गेलं, याची खात्री. माझ्या दृष्टीने निर्णय इथेच व्हायला हवा.

गॅरेजात बॅरलमधून मापाने ओतलेलं ऑइल वाईटच असतं असं नाही, पण त्याचा दर्जा कोणता हे तुम्हाला कळत नाही. जुन्या इंजिनांनी यात बरंच सोसलं. नव्या गाड्यांना ते चालत नाही. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांच्या धुराचे बीएस-६ हे कडक निकष लागू झाले आणि डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी, म्हणजे डीपीएफ, आला. अडकलेली काजळी गाडी अधूनमधून स्वतःच जाळून टाकते. पण ऑइलमधल्या रसायनांची राख जळत नाही, ती डीपीएफमध्ये साचत राहते. म्हणून या इंजिनांना कमी राखेचं ऑइल लागतं. एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचा सीके-४ हा ऑइलचा दर्जा डिसेंबर २०१६ मध्ये आला, तो अशाच इंजिनांचा विचार करून. डब्यावर नुसतं १५डब्ल्यू-४० लिहिलंय म्हणून घेऊ नका. तो फक्त घट्टपणाचा आकडा आहे. त्याच्या शेजारचा दर्जा वाचा आणि गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहा. चुकीच्या ऑइलने डीपीएफ भरला, तर त्याच्या खर्चापुढे आयुष्यभराची मजुरी किरकोळ वाटेल.

फिल्टरचंही तसंच. खोक्यावर ठळक नाव आणि आत निकृष्ट कागद, असे नकली फिल्टर बाजारात भरपूर आहेत. अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या बिलावर आणलेला फिल्टर आणि सीलबंद डबा तुम्ही स्वतः फोडला, तर शंकेला जागा उरत नाही. या बाबतीत घर पहिलं, वर्कशॉप दुसरं आणि गॅरेज तिसरं.

घरी करणाऱ्याचा आणखी एक लाभ म्हणजे त्याला इंजिनातल्या ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी पाहायची सवय लागते. डीपीएफ असलेली गाडी सतत जवळच्याच फेऱ्या मारत असेल, तर काजळी जाळण्याचं काम अर्धवट राहतं आणि त्यासाठी जादा सोडलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग पट्टीवरची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढते. ऑइल वाढलेलं पाहून खूश होऊ नये, ते पातळ झालेलं असतं. मात्र नवं ऑइल लगेच काळं पडलं म्हणून घाबरायचं कारण नाही. डिझेल इंजिनात ते व्हायचंच.

हाताच्या कौशल्याबद्दल लोक उगाच धसका घेतात. काम अवघड नाही, सावकाशपणा हवा. इंजिन थोडं चालवून कोमट करा. घाट चढून आलेल्या गाडीखाली लगेच हात घालू नका, ऑइल भाजतं. चेंबरचा, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याचा, ड्रेन नट सोडला की ऑइल थेंबावर येईपर्यंत वाट पाहा. नटाचा वायसर नवा घाला. नट आधी बोटांनी फिरवून आटे बसल्याची खात्री करा, मगच पाना लावा. गॅरेजात घाईच्या वेळी लांब दांडीच्या पान्याने नट आवळला जातो आणि चेंबरचे आटे जातात. घरी तुम्ही पुस्तिकेत दिलेला जोर पाळू शकता.

फिल्टर काढल्यावर एक गोष्ट न चुकता पाहा: जुन्या फिल्टरचं रबर इंजिनालाच चिकटून राहिलंय का? त्यावरच नवा फिल्टर चढवला तर दोन रबरं एकमेकांवरून घसरतात आणि चालत्या गाडीतून काही मिनिटांत सगळं ऑइल बाहेर पडू शकतं. नव्या रबराला ऑइलचं बोट लावा, फिल्टर हाताने टेकेपर्यंत फिरवा, पुढे त्याच्या डब्यावर लिहिलंय तेवढंच. बहुतेकदा ते पाऊण फेऱ्याच्या आसपास असतं. फिल्टर पाना सोडायला वापरायचा, आवळायला नाही. काही नव्या इंजिनांत प्लास्टिकच्या टोपीखाली नुसती कागदी कांडी असते. तिथे टोपीची ओ-रिंग, म्हणजे रबरी कडी, बदलावीच लागते.

सुरक्षेत मात्र गॅरेजचा खड्डा आणि वर्कशॉपची लिफ्ट दोन्ही घराच्या पुढे आहेत. पिकअप उंच असल्यामुळे अनेकदा जॅक न लावताच खाली सरकता येतं, आणि तसं जमत असेल तर तसंच करा. उचलावीच लागली तर गाडी रिकामी हवी, मागच्या चाकांना ठोकळे हवेत आणि वजन घोड्यांवर. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कुणीही जाऊ नये, एका मिनिटासाठीही. मातीचं अंगण, शेताचा उतार किंवा पावसाळ्यातला चिखल असेल तर घरचा विचार सोडा आणि गॅरेज गाठा.

जळक्या ऑइलबद्दल मला कळकळीने सांगायचंय. आपल्याकडे ते सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतात, वाळवीसाठी खांबांना फासतात, नाहीतर बांधाच्या कडेला ओततात. त्यात झिजलेल्या इंजिनाचे धातू आणि अपायकारक रसायनं असतात, आणि ती झिरपून आपल्याच विहिरीत येतात. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं ऑइल घातक कचऱ्यात मोडतं. १ एप्रिल २०२४ पासून तर ते गोळा होऊन पुन्हा शुद्ध व्हावं याची जबाबदारी ऑइल उत्पादकांवर टाकली आहे. वर्कशॉपमध्ये ही व्यवस्था असते, चांगल्या गॅरेजातही असते. घरी करणाऱ्याने ऑइल रिकाम्या डब्यात भरून झाकण लावायचं, फिल्टर रात्रभर उलटा ठेवून निथळवायचा आणि दोन्ही अशा ठिकाणी पोचवायचे. कोण घेतं, ते नट सोडण्याआधी विचारून ठेवा.

वॉरंटीतल्या गाडीबद्दल थोडक्यात. स्वतंत्र गॅरेजात काम केलं एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असं भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ गाडी कंपन्यांविरुद्धच्या आदेशात बजावलं होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण इंजिनाचा दावा अडला तर तुम्ही वाद घालत बसणार की भाडं मारणार? वॉरंटी असेपर्यंत कंपनीच्या वर्कशॉपमध्येच जा आणि सर्व्हिसच्या पुस्तिकेतला प्रत्येक शिक्का जपून ठेवा.

या तिन्हींच्या मधली एक वाट बहुतेकांना सोयीची पडेल. ऑइल, फिल्टर आणि वायसर स्वतः विकत घ्यायचे, ओळखीच्या मेस्त्रींकडे जायचं आणि शेजारी उभं राहायचं. मेस्त्री थोडी जास्त मजुरी मागतील, ती द्यावी. त्यांचा ऑइलवरचा नफा तुम्ही काढून घेतलेला असतो. खड्डा त्यांचा, माल तुमचा, जळकं ऑइलही तिथेच राहतं. फक्त जुनं ऑइल पूर्ण निथळू द्यायला सांगा आणि जुनं रबर निघाल्याचं डोळ्यांनी पाहा.

कुठेही बदललं तरी इंजिन सुरू केल्यावर ऑइलचा दिवा लगेच विझतो का ते पाहा. विझला नाही तर तत्काळ बंद करा. अर्धा मिनिट चालवून खाली थेंब आहे का ते बघा, दहा मिनिटं थांबून पट्टी तपासा, आणि पहिल्या भरलेल्या फेरीनंतर पुन्हा एकदा.