ग्लँडचे थेंब: जुन्या किर्लोस्कर पंपसंचाचा सात महिन्यांचा अनुभव

गेल्या कार्तिकात आमच्या विहिरीवरची विजेची मोटर तिसऱ्यांदा जळाली. मोटर घेऊन अवघी तीन वर्षे झाली होती. विजेच्या कमी दाबामुळे मोटरमधली तारेची गुंडाळी (वाइंडिंग) जळाली असे विक्रेत्याने सांगितले, हा दोष वॉरंटीत बसत नाही असे सेवा केंद्राने सांगितले, आणि लागणारा भाग मागवायला पंधरा दिवस लागतील हे दोघांनीही सांगितले. हळदीची पाण्याची पाळी पंधरा दिवस थांबणारी नव्हती. म्हणून वडिलांनी १९८४ साली घेतलेला आणि गेली वीस वर्षे शेडमध्ये पोत्यांखाली पडून असलेला किर्लोस्करचा पाच अश्वशक्तीचा डिझेल पंपसंच आम्ही बाहेर काढला.

इंजिन एव्ही-वन मॉडेलचे आहे. सिलिंडर ८० मिलिमीटरचा, स्ट्रोक (पिस्टनची धाव) ११० चा आणि मिनिटाला फेरे १५००, हे ज्यांनी एकदा तरी हँडल मारले आहे त्यांना सांगायला नको. टाकी धुतली, नोझल तपासून घेतले, पिस्टनच्या रिंगा आणि इंजिन आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचे रबर बुश बदलले. हे सगळे सामान तालुक्याच्या बाजारपेठेत एका दुपारी मिळाले. मॉडेलचे नाव ऐकताच दुकानदाराने फळीवरून डबा काढून पुढे ठेवला, तेव्हा तीन वर्षांच्या मोटरसाठी मारलेल्या खेपा आठवून मला खरोखर संताप आला.

पहिल्या महिन्यातले माझे मत मात्र चांगले नव्हते आणि त्याचे कारण एकच होते: पंपाच्या ग्लँडमधून, म्हणजे फिरणारा दांडा (शाफ्ट) जिथे पंपाबाहेर येतो तिथली फट दोरीच्या रिंगांनी बंद करणाऱ्या भागातून, पाणी ठिबकत होते. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर तासाला लिटरभर डिझेल पिते. त्या पैशाने वर काढलेले पाणी शाफ्टपाशी जमिनीत जिरताना पाहणे माझ्या स्वभावाला मानवणारे नव्हते. मी ग्लँडचे नट पाव-पाव फेरा आवळत गेलो आणि एका सकाळी ठिबक पूर्ण बंद केली. तासाभरात दोरी जळल्याचा वास आला, इंजिनाचा आवाज जड झाला, आणि पंप उघडला तेव्हा शाफ्टच्या स्लीव्हवर (त्यावर बसवलेल्या नळीवर) नखाला लागतील इतके खोल चरे पडलेले दिसले.

ज्या वृद्ध फिटरने स्लीव्ह बदलून दिली, त्यांनी मला बाजूला बसवून दोरी भरायला शिकवली, आणि तिथून माझे मत पालटले. दोरी स्लीव्हभोवती मापून तिरकी कापायची, प्रत्येक रिंग वेगळी बसवायची, एकीचा सांधा दुसरीच्या सांध्यासमोर येऊ द्यायचा नाही, नट आधी हातानेच फिरवायचे आणि पंप चालू झाल्यावर थेंब बघत बघत थोडेथोडे आवळायचे. तो थेंबच दोरीला आणि शाफ्टला थंड ठेवतो, आणि ठिबक नेमकी किती असावी हे पान्याने माझे मलाच ठरवता येते. ग्लँड फार सैल राहिला तर मात्र तिथून हवा शिरते आणि पंप पाणी ओढणे थांबवतो. मध्यंतरी एका दुकानाने ग्रॅफाइटच्या नावाखाली काळा रंग दिलेली सुती दोरी दिली, ती आठ दिवसांत पिठासारखी झाली. तेव्हापासून मी दोरी बोटांनी चोळून पाहिल्याशिवाय घेत नाही. दोरीऐवजी तयार मेकॅनिकल सील असलेले नवे पंप ठिबकत नाहीत हे खरे आहे, पण आमच्या विहिरीच्या गढूळ पाण्यात सील एकदा गेले की पूर्ण बदलावे लागते, आणि इथे हातभर दोरीत काम भागते.

या सात महिन्यांत पंपाची आणि इंजिनाची अशा दोन्ही पाट्या मी घासून वाचल्या. एकाच लोखंडी चौकटीवर पंप किर्लोस्करवाडीच्या घराण्याचा आहे आणि इंजिन पुण्याच्या खडकीचे, म्हणजे एका कुटुंबाच्या दोन पिढ्या मधल्या कपलिंगने जोडल्या आहेत. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान काढले, पुढे कडबा कापण्याचे यंत्र आणि लोखंडी नांगर केला. लोखंडाने जमीन विषारी होते या समजुतीमुळे नांगराला गिऱ्हाईक मिळायला दोन वर्षे लागली असे सांगतात. बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, कुंडल रोड स्टेशनजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला, आणि १९१० मध्ये तिथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. शेंगा फोडण्याचे यंत्र आणि उसाचा चरक तिथलाच. १९२६ साली तिथे सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला, आणि त्याच वर्षी लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतल्या एमआयटीतून यंत्र अभियांत्रिकी शिकून परतले. १९४१ मध्ये लेथसाठी हरिहरचा कारखाना निघाला, १९४६ मध्ये खडकीत डिझेल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटरींचा.

कारखान्यांची ही वाढ नेहमी धाडसाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. विहिरीच्या काठावरून मला ती वेगळी दिसते. ज्याने नांगर घेतला त्याच्याच बैलांना कडबा कापून हवा होता, त्याच्याच उसाला चरक हवा होता, त्याच्याच विहिरीला पंप हवा होता, आणि तो पंप फिरवायला आधी इंजिन आणि वीज आल्यावर मोटर. बापाने मिळवलेले गिऱ्हाईक मुलाने सोडले नाही, त्याच्याच पुढच्या गरजेचे यंत्र केले, आणि आधीच्या यंत्राचे सुटे भाग बाजारात राहू दिले. त्या सुट्या भागांच्या जोरावरच माझी हळद या वर्षी वाचली. चौथ्या पिढीत २००९ च्या कौटुंबिक करारावरून भावंडांमधला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, याचे मला वाईट वाटते. पंप करणारी आणि इंजिन करणारी कंपनी आज वेगवेगळ्या भावांकडे आहे, आणि माझ्या चौकटीवर ती दोन्ही यंत्रे अजून एकत्र फिरतात.

खर्चाचे बोलायचे तर, डिझेलचे भाव पाहता रोज सहा तास या संचावर शेती करणे मला परवडत नाही, आणि मोटर दुरुस्त होऊन आल्यावर मी नियमित पाणी तिच्यावरच देतो. परंतु दाब कमी असेल किंवा शेतीची वीज रात्रीच्या पाळीत असेल तेव्हा मी मोटरला हात लावत नाही. सिलिंडरमधला दाब सोडणारा डीकम्प्रेशनचा लिव्हर उचलायचा, हँडलचे दहा-बारा फेरे मारायचे, लिव्हर सोडायचा, आणि इंजिन पहिल्या झटक्यात लागते. रात्री विहिरीवर जाणे थांबले, ही बचत मी डिझेलच्या हिशेबात धरतो.

वडील आता शेतात येत नाहीत. परवा त्यांनी फोनवर इतकेच विचारले, की ग्लँड ठिबकतोय ना. मी मोजून सांगितले: मिनिटाला पंचवीस थेंब. पावसाळ्याआधी दोरीच्या चार नव्या रिंगा तिरक्या कापून, ग्रीस लावून डब्यात ठेवल्या आहेत.