लिनक्स मिंट २२ वर आठ महिने: काय बिघडलं आणि कुठे सापडलं

आठ महिन्यांपूर्वी रोजच्या वापरातल्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट २२ ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकली, सिनॅमन डेस्कटॉपवाली (सिनॅमन म्हणजे खिडक्या आणि मेनू दाखवणारा भाग). ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली. ती उबंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्स सिस्टीमच्या पायावर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. माझं काम साधंच आहे: लेखन, हिशेबाच्या शीट, ब्राउझर, व्हिडिओ कॉल, फोटो आणि एका जुन्या सॉफ्टवेअरसाठी ठेवलेलं एक व्हर्च्युअल मशीन, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत चालणारा दुसरा कॉम्प्युटर. इन्स्टॉलेशन आणि दिसणं यांबद्दल लिहीत नाही, ते सगळं पहिल्या तासातच पार पडलं. मला बिघाडांबद्दल लिहायचं आहे, कारण या आठ महिन्यांत माझं मत बदललं ते त्यांच्यामुळे.

पहिल्या दिवसापासून एक वही ठेवली. डावीकडे तारीख आणि काय झालं, उजवीकडे मी काय बदललं. आजवर एकवीस नोंदी झाल्या आहेत. वही चाळताना एक गोष्ट ठळकपणे दिसते. जिथे मी आधी संदेश वाचला आणि मग हात लावला, तिथे काम अर्ध्या तासात झालं. जिथे आधी कुठली तरी कमांड चिकटवली, तिथे अख्खी संध्याकाळ गेली. ही सिस्टीम बिघडते तेव्हा काय बिघडलं ते बहुतेक वेळा लिहून ठेवते. ते कुठे लिहिलंय हे माहीत असावं लागतं, एवढंच.

सगळ्यात मोठी नोंद तिसऱ्या महिन्यातली. सकाळी पासवर्ड टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा पासवर्डचीच चौकट. पुन्हा टाकला, पुन्हा तेच. पासवर्ड चुकला असता तर तसं लाल अक्षरांत आलं असतं. ते येत नव्हतं, म्हणजे पासवर्ड बरोबर होता आणि अडचण त्याच्या पुढची होती. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ३ एकत्र दाबलं की ग्राफिक्सशिवायची काळी मजकुराची स्क्रीन येते. तिथे त्याच नावाने लॉगिन झालं. डिस्क किती भरलीय ते दाखवणारी 'डीएफ -एच' कमांड चालवली, तर मुख्य पार्टिशनसमोर (डिस्कच्या मुख्य भागासमोर) १०० टक्के. डिस्क गच्च भरलेली असली की लॉगिन होताना होम फोल्डरमध्ये (आपल्या फाइली असतात तो) ज्या छोट्या फाइल लिहाव्या लागतात त्यासुद्धा लिहिता येत नाहीत, आणि डेस्कटॉप उघडताउघडता मागे फिरतो.

आता जागा गेली कुठे? मिंटसोबत टाइमशिफ्ट येतं. ते सिस्टीमचे स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीच्या स्थितीच्या प्रती, काढून ठेवतं आणि त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास आहे. पण ते मुळात सिस्टीमच्या फाइलींसाठी आहे, होम फोल्डर ते आपणहून घेत नाही. मी सेटिंगमध्ये जाऊन होमही त्यात घातलं होतं, वर दोन्ही एकाच पार्टिशनवर. नेहमीच्या आरसिंक पद्धतीत पहिल्या स्नॅपशॉटमध्ये सगळ्या फाइलींची प्रत होते. पुढच्या प्रत्येक वेळी न बदललेली फाइल जुन्या प्रतीलाच हार्ड लिंकने जोडली जाते, त्यामुळे तिला वेगळी जागा लागत नाही. बदललेली फाइल मात्र पूर्ण नव्याने कॉपी होते. माझ्या व्हर्च्युअल मशीनची डिस्क म्हणजे ३० जीबीची एकच फाइल, आणि मशीन चालू केलं की ती बदलतेच. म्हणजे रोजच्या स्नॅपशॉटला रोजचे ३० जीबी. त्या काळ्या स्क्रीनवरच 'टाइमशिफ्ट --लिस्ट' केलं, दोन सोडून बाकीचे स्नॅपशॉट काढले आणि परत ग्राफिक्सवाल्या स्क्रीनवर आले. लॉगिन झालं. त्याच दिवशी होम टाइमशिफ्टमधून बाहेर काढलं. कागदपत्रांचा बॅकअप आता बाहेरच्या डिस्कवर वेगळा जातो, आणि तसाच तो जायला हवा. स्नॅपशॉट सिस्टीम मागे न्यायला असतात. मूळ डिस्कच गेली तर तिच्यावरचे स्नॅपशॉटही तिच्याबरोबर जातात.

दुसरी मोठी नोंद वायफायची. अपडेट मॅनेजरने नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) बसवला, रीस्टार्ट केलं आणि नेटवर्कच्या यादीतून वायफाय गायब. बंद नाही, गायबच. आधी 'आरएफकिल लिस्ट' पाहिलं. कुठलाही अडथळा नाही, म्हणजे एअरप्लेन मोड किंवा कडेचं बटण हे कारण नव्हे. मग 'एलएसपीसीआय -के'. ही कमांड प्रत्येक कार्डाखाली त्याला कोणता ड्रायव्हर लागलाय ते दाखवते. ग्राफिक्सखाली ओळ होती, आवाजाखाली होती. वायफाय कार्डाचं नाव होतं, पण 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' ही ओळच नव्हती. शेवटी 'डीकेएमएस स्टेटस'. त्यात माझा ड्रायव्हर जुन्या कर्नलसाठी बसलेला दिसत होता, नव्यासाठी काहीच नाही.

कारण असं की माझ्या कार्डाचा ड्रायव्हर कर्नलच्या आत नाही. तो बाहेरून येतो आणि प्रत्येक नव्या कर्नलसाठी पुन्हा बांधावा लागतो. ते काम डीकेएमएस आपोआप करतं, पण त्याला त्या कर्नलची हेडर्स, म्हणजे ड्रायव्हर बांधायला लागणाऱ्या फाइली, लागतात. नवीन हेडर्स आणणारं पॅकेज मी महिन्याभरापूर्वी साफसफाई करताना काढलं होतं, नावावरून ते बिनकामाचं वाटलं म्हणून. रीस्टार्ट करून ग्रबच्या, म्हणजे सुरू होताना काय चालू करायचं ते निवडायच्या, मेनूतल्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधून आधीचा कर्नल निवडला. वायफाय लगेच आलं. त्याच नेटवर ते पॅकेज परत बसवलं, ते बसतानाच ड्रायव्हर बांधला गेला, आणि पुढच्या रीस्टार्टला नव्या कर्नलवरही वायफाय चालू. तेव्हापासून नियम केलाय: एक चालता कर्नल कायम मागे ठेवायचा. आणि ज्या पॅकेजचं काम मला सांगता येत नाही, ते काढायचं नाही.

छोट्या नोंदी भराभर सांगते. एकाच मशीनवर विंडोजही असेल (ड्युअल बूट) आणि घड्याळ दर वेळी काही तासांनी चुकत असेल, तर फरक किती तासांचा आहे ते पाहा. तो तुमच्या टाइमझोनच्या यूटीसीपासूनच्या (जागतिक प्रमाणवेळेपासूनच्या) अंतराएवढाच असेल, तर बॅटरीवर संशय घेऊ नका. लिनक्स मदरबोर्डवरचं घड्याळ यूटीसी धरतं, विंडोज ते स्थानिक वेळ धरतं. एकाला दुसऱ्यासारखं वागायला सांगितलं की संपलं. विंडोजचं पार्टिशन फक्त वाचता येतंय, लिहिता येत नाही, असं झालं तर तिकडचं 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना शटडाउन पूर्ण होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं, आणि अशा पार्टिशनवर लिहिलं तर डेटा बिघडू शकतो. लिनक्सचा नकार योग्यच आहे, जबरदस्तीने माउंट करू (जोडू) नका. आवाज गेला तर आधी आउटपुट कोणतं निवडलंय ते बघा. माझ्याकडे चारपैकी तीन वेळा आवाज एचडीएमआयकडे जात होता. चौथ्या वेळी पाइपवायर, म्हणजे आवाज सांभाळणारी सेवा, रीस्टार्ट करावं लागलं. प्रिंटरला आठ महिन्यांत काहीच करावं लागलं नाही.

पॅकेज बसवताना 'लॉक मिळत नाही' असा संदेश आला की लॉक फाइल काढून टाका, हा सल्ला फार पसरलेला आहे आणि तो वाईट आहे. ते लॉक म्हणजे दुसरं कुणीतरी त्याच वेळी पॅकेज बसवतंय याची खूण. बहुतेक वेळा मागे आपोआप अपडेट चालू असतं. संदेशात कुठल्या प्रोसेसने लॉक धरलंय त्याचा क्रमांकही दिलेला असतो. पाच मिनिटं थांबा. मध्येच लॉक काढलंत तर पॅकेजांची नोंदच विस्कटते आणि खरं दुखणं तिथून सुरू होतं.

मराठी टायपिंगची नोंद मात्र लांब आहे. आयबसमध्ये (वेगवेगळ्या भाषांच्या टायपिंगचं साधन) मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला, टायपिंग छान सुरू झालं. मग एकदा मोठ्या फाइलमध्ये 'वाऱ्यावर' हा शब्द शोधला, तर समोर दिसत असलेला शब्द शोधात सापडेना. मी ती ओळ कॉपी करून एकेक अक्षराचा युनिकोड क्रमांक पाहिला. जुना मजकूर दुसऱ्या कीबोर्डवर टाइप केलेला होता. त्यात 'र', हलंत आणि एक न दिसणारा जोडक होता. मी टाइप करत होते ते नुक्त्याचं 'ऱ' आणि हलंत. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, शोधणाऱ्याला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. जुन्या फाइलींमध्ये 'शोधा आणि बदला' चालवून सगळीकडे एकच रूप केलं. लिब्रेऑफिसमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसत असतील तर मजकुराची भाषा मराठी अशी निवडा. ज्या फॉन्टमध्ये मराठी रूपं भरलेली असतात, तो मग आपला ल आणि श दाखवतो. हे दिसल्यावर मला खरंच आनंद झाला. आपली अक्षरं आपल्यासारखी दिसावीत यासाठी कुणीतरी फॉन्टमध्ये बसून काम केलंय.

पूर्ण गोठण्याचा प्रसंग दोनदा आला. अशा वेळी ऑल्ट आणि प्रिंटस्क्रीन धरून आर, ई, आय, एस, यू, बी अशी सहा अक्षरं क्रमाने दाबायला सांगतात. उबंटूच्या कुटुंबात यातली सगळी चालत नाहीत. तिथे मूळ सेटिंग १७६ असतं आणि त्यात फक्त शेवटच्या तिघांना परवानगी आहे: डेटा डिस्कवर लिहा, डिस्क फक्त वाचण्याजोगी करा, रीस्टार्ट करा. तेवढंही पॉवरचं बटण दाबून धरण्यापेक्षा पुष्कळ बरं. रीस्टार्टनंतर 'जर्नलसीटीएल -बी -१' चालवलं की आधीच्या सत्राची नोंद दिसते. तिच्यात लाल ओळी पाहून घाबरायचं कारण नाही, ठणठणीत मशीनवरही त्या असतात. मी एका चांगल्या दिवसाची जर्नल फाइल जपून ठेवली आहे. काही बिघडलं की दोन्ही शेजारी ठेवते आणि फक्त नव्या ओळी वाचते. या एका सवयीने माझा जितका वेळ वाचला तितका दुसऱ्या कशानेच नाही.

न जमलेल्या गोष्टीही सांगायला हव्यात. फिंगरप्रिंट सेन्सर चालत नाही. त्याला ड्रायव्हरच नाही, त्यामुळे तो नाद सोडला. बाहेरच्या मॉनिटरवर दीडपट स्केलिंग केलं की काही खिडक्या अंधुक दिसतात. सिनॅमनचं वेलँड सत्र (पडद्यावर चित्र दाखवायची नवी पद्धत) या आवृत्तीत अजून प्रायोगिक आहे, मी एक दिवस वापरून परतले. ब्लूटूथ हेडफोनचा माइक चालू केला की आवाज टेलिफोनसारखा होतो. पण तो दोष मिंटचा नाही. जुन्या ब्लूटूथ पद्धतीत उत्तम आवाज आणि माइक एकाच वेळी मिळत नाहीत. कॉलसाठी मी वायरचा माइक घेतला.

हे सगळं धरूनही मी मिंट सोडणार नाही, आणि ज्याला रोज थोडं वाचायची तयारी आहे त्याला मनापासून घ्या म्हणेन. ज्याला फिंगरप्रिंटशिवाय चालत नाही, त्याने आधी लाइव्ह यूएसबीवरून, म्हणजे इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरून चालवून, आपलं हार्डवेअर एकेक करून तपासावं.

एकविसावी नोंद अजून उघडी आहे. झाकण लावून ठेवलेला लॅपटॉप सकाळी गरम मिळतो, बॅटरी निम्मी झालेली. काल रात्रीच्या जर्नलमध्ये ३ वाजून १२ मिनिटांनी तो जागा झाल्याची ओळ आहे, आणि जागं करू शकणाऱ्या उपकरणांच्या यादीत यूएसबी चालू दिसतंय. संशय माउसच्या रिसीव्हरवर आहे. आज तो काढून ठेवणार आहे, बाकी काहीच बदलणार नाही.