कलमांना मुळे फोडणारी भुकटी : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये, मृगाचे पहिले पाऊस पडून गेल्यावर, मी छाट कलमांसाठी मिळणारी संजीवक भुकटी विकत आणली आणि मार्चअखेरपर्यंत बेळगावातील शहापूरच्या आमच्या परड्यात ती सातत्याने वापरली. त्यापूर्वी कित्येक वर्षे मी फांदी तोडून कुंडीत खोचत असे आणि पुढचे सारे पावसावर सोडून देत असे. या वेळी मात्र प्रत्येक झाडाच्या निम्म्या काड्यांना भुकटी लावली व निम्म्या तशाच ठेवल्या, आणि सर्व काड्या एकाच दिवशी, एकाच मिश्रणात, एकाच आडोशाला लावल्या. कारण असे केल्यावाचून काडी भुकटीमुळे जगली की हवेमुळे, हे कळायला मार्ग नव्हता.

या भुकटीत टाल्कमध्ये मिसळलेले इंडोल ब्युटिरिक आम्ल असते. रोपवाटिकेत त्याला आय.बी.ए. म्हणतात. झाडाच्या शेंड्यांत आणि कोवळ्या पानांत ऑक्सिन नावाचे संजीवक तयार होऊन खोडातून खाली उतरत राहते, आणि फांदी तोडली की ते कापलेल्या टोकाशी साचून तेथे मुळांचे अंकुर धरायला मदत करते. भुकटी याच क्रियेला बाहेरून जोर देते. डब्यांवर ०.१, ०.३ आणि ०.८ टक्के असे प्रमाण छापलेले असते; पहिले कोवळ्या काडीसाठी, दुसरे अर्धवट पिकलेल्या काडीसाठी आणि तिसरे जून, टणक काडीसाठी. मी मधले घेतले होते.

मोगऱ्यात मोठा फरक दिसला. भुकटी लावलेल्या बारा काड्यांपैकी नऊ लागल्या, न लावलेल्या बारांपैकी चारच. शिवाय उपटून पाहिल्यावर पहिल्या गटातील मुळांचा झुबका भरगच्च होता, तर दुसऱ्यात दोन-तीनच लांब धागे होते. बोगनवेलीत हे अंतर आणखी वाढले : दहांपैकी सहा आणि दहांपैकी एक. गावठी गुलाब दोन्हीकडे सारखाच लागला. डोळा भरलेल्या (म्हणजे दुसऱ्या गुलाबाच्या खोडावर डोळा बसवून केलेल्या) मोठ्या फुलांच्या गुलाबाच्या दहा काड्यांपैकी भुकटीने तीन लागल्या, भुकटीवाचून एकही नाही. जास्वंदीत मात्र काहीच फरक पडला नाही. शेजारच्या अक्का, ज्या तिला दासवाळ म्हणतात, पावसाळ्यात तिची काडी सरळ कुंपणालगतच्या मातीत रोवतात, आणि त्यांच्या काड्या माझ्याइतक्याच लागल्या. पेरू आणि कढीपत्ता यांनी भुकटी लावूनही दाद दिली नाही. पेरूला गुटी कलमच (फांदी झाडावर असतानाच साल काढून, ओले शेवाळ बांधून तिला मुळे फोडणे) बरे, आणि कढीपत्त्याच्या बुडाशी मुळांपासून फुटणारे कोंब वेगळे करून लावणे कितीतरी सोपे आहे.

मोगऱ्याचे वरचे आकडे दुसऱ्या खेपेचे आहेत. पहिल्या खेपेत मी ओल्या काड्या थेट डब्यात बुडवल्या आणि टोकाला भुकटीचा जाड थर बसू दिला. आठ-दहा दिवसांत बहुतेक टोके काळी पडून कुजली, कारण हे संजीवक गरजेपेक्षा जास्त झाले की पेशींना इजाच करते. आणि डब्यात ओल गेल्यामुळे उरलेल्या भुकटीच्याही गुठळ्या झाल्या. तेव्हापासून मी चिमूटभर भुकटी कागदावर काढते, काडीचे टोक किंचित ओले करून त्यात टेकवते, झटकून जादा भुकटी पाडते आणि कागदावर उरलेली टाकून देते. मिश्रणातही आधी बोटाने किंवा काडीने भोक पाडूनच कलम लावते, नाहीतर खोचताना भुकटी वरच घासली जाते. दुसरा डबा मी घट्ट बंद करून अंधाऱ्या, थंड फडताळात ठेवला. तो अजून कोरडा आहे.

काडी कापण्याची जागा भुकटीइतकीच महत्त्वाची ठरली. पेराच्या लगेच खाली, धारदार कात्रीने, सकाळी, फूल किंवा कळी नसलेली काडी घ्यावी आणि वरची दोन-तीन पानेच ठेवून मोठी पाने निम्मी कापावीत, म्हणजे काडीला अन्न मिळत राहते आणि पाणीही फारसे उडून जात नाही. माती मात्र मला बदलावी लागली. खानापूरकडून आणलेली तांबडी माती पुनर्वसूच्या तरण्या पावसात इतकी घट्ट बसली की काड्यांच्या बुडाशी हवाच पोचेना. मग निम्मी नदीची वाळू आणि निम्मे कोकोपीट घेऊन कुंड्या पत्र्याच्या आडोशाला हलवल्या. आपल्याकडच्या जुलैमधील दमट हवा कलमांना फार मानवते, पण कुंडीत साचलेले पाणी मुळीच मानवत नाही.

डिसेंबरात लावलेल्या काड्यांनी मला फसवले. थंडी असूनही महिनाभरात पालवी फुटली म्हणून मी रोपे मोठ्या कुंडीत हलवली, आणि आठवड्यात ती माना टाकू लागली. उपटून पाहिले तर मुळेच नव्हती. ती पालवी खोडात साठलेल्या अन्नावर फुटलेली होती. आता काडी हलकेच ओढून ती अडते का ते पाहते, आणि कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरे मूळ दिसल्याखेरीज तिला हात लावत नाही. फेब्रुवारीपासून हवा कोरडी झाली, तेव्हा कुंडीवर प्लास्टिकची पारदर्शक पिशवी घालून ती रोज सकाळी थोडा वेळ उघडत असे. त्या खेपेचा मोगरा पावसाळ्याइतकाच चांगला लागला.

जुलैमधील मोगऱ्याच्या नऊ रोपांपैकी दोन अक्कांकडे गेली आणि मार्चअखेरीस त्यांतल्या एकाला कळ्या आल्या. येत्या मृगात बोगनवेलीच्या जून काड्यांसाठी ०.८ टक्क्यांची भुकटी घेणार आहे. जास्वंदीला यापुढे काहीही लावणार नाही.