रेवाल चालीच्या घोड्यासाठी एन्ड्युरन्स, टेंट पेगिंग की ड्रेसाज?

सातारा-सांगली भागात मारवाडी किंवा सिंधी घोडा घेताना बहुतेक जण आधी त्याची रेवाल चाल पाहतात. या चालीत पाय एकामागून एक पडतात आणि एखादा पाय कायम जमिनीवर राहतो, त्यामुळे पाठ उसळत नाही व स्वाराला रिकिबीत उठबस करावी लागत नाही. अशा घोड्याला वरातीपलीकडचे काही शिकवायचे असेल, तर निवडलेला क्रीडाप्रकार त्याच्याकडून कोणती चाल मागतो, हे सर्वांत आधी पाहावे.

त्या दृष्टीने एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत, हा सर्वांत सोयीचा प्रकार आहे, कारण त्यात चालीच्या डौलाला गुण नसतात. ठरलेले अंतर कापून घोडा सुस्थितीत परतला पाहिजे, एवढीच अपेक्षा असते. आंतरराष्ट्रीय शर्यती १६० किलोमीटरपर्यंतच्या असतात, परंतु नवशिक्याने लहान अंतरापासूनच सुरुवात करावी. प्रत्येक टप्प्यानंतर पशुवैद्य नाडी, शरीरातील पाण्याचे प्रमाण आणि लंगडेपणा तपासतात. नाडी ठरलेल्या वेळात साधारणतः मिनिटाला ६४ ठोक्यांपर्यंत उतरावी लागते. रेवाल घोड्याची खरी अडचण येथेच येते. लंगडेपणा तपासताना घोडा हाताने धरून दुडकीत, म्हणजे कर्णातील पाय जोडीने पडणाऱ्या चालीत, पळवतात, कारण दुडकीच्या दोन ठोक्यांत दुखरा पाय चटकन ओळखू येतो, तर रेवालीच्या चार ठोक्यांत तो झाकला जातो. म्हणून घोड्याला सरळ रेषेत स्वच्छ दुडकी शिकवणे येथेही आवश्यक आहे. सरावासाठी माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांतील मुरमाचे माळ चांगले. मात्र उन्हाळ्यात तेथे पहाटेच स्वारी उरकावी. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात खुरांना धरून ठेवते आणि पाचगणीच्या टेबललँडचा जांभा लांब पल्ल्यासाठी फार कठीण आहे. डांबरी रस्ता तर टाळावाच.

टेंट पेगिंग पाहायला सर्वांत थरारक, आणि १९८२च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत त्याचा समावेशही होता. भाला किंवा तलवार घेतलेला स्वार भरधाव घोड्यावरून जमिनीत रोवलेली खुंटी उचलतो. तेथे रेवालीचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. काही रेवाल घोडे वेग वाढवताना चौखूर उधळण्याऐवजी रेवालच आणखी जलद करतात. अशा घोड्यावर भाला स्थिर राहिला, तरी खुंटीपर्यंतचा वेग पुरत नाही. अशा खास चालींच्या जगातील अनेक जातींमध्ये आढळणारा, चालीवर परिणाम करणारा एक जनुकीय बदल २०१२मध्ये प्रकाशात आला. आइसलँडिक घोड्यांमध्ये त्याच्या दोन प्रती असणाऱ्यांची कँटर (भरधावपेक्षा संथ धाव) कमी सुबक असते, असे त्याच संशोधनात दिसले. आपल्या घोड्याविषयी निर्णय करण्यासाठी मात्र प्रयोगशाळेची गरज नाही. मोकळ्या रानात दोन्ही बाजूंना तो तीन ठोक्यांची स्वच्छ कँटर आपणहून घेतो का, हे पाहिले की पुरे.

हांगझोऊ आशियाई स्पर्धेत भारतीय संघाने २०२३मध्ये सुवर्णपदक मिळवल्यापासून ड्रेसाजविषयी, म्हणजे ठरलेल्या हालचाली घोड्याकडून अचूक करून घेण्याच्या प्रकाराविषयी, कुतूहल वाढले आहे, परंतु आंतरराष्ट्रीय ड्रेसाजचे बहुतेक घोडे याच कामासाठी पिढ्यानपिढ्या पैदास केलेले असतात. प्रत्येक हालचालीला ० ते १० गुण मिळतात आणि प्राथमिक चाचणीतही बरेचसे काम दुडकीत करावे लागते, त्यामुळे दुडकी नसलेल्या घोड्याचे गुण तेथेच जातात. वरातीत नाचणारा घोडा ड्रेसाजसाठी अर्धा तयार असतो, हा समज मला पटत नाही. नाचात पुष्कळदा मान ताठ, पाठ खोलगट आणि तोंडावर लगामाचा ताण असतो, तर जागच्या जागी करायच्या दुडकीत कर्णातील पाय जोडीने उचलले जातात व पुठ्ठा खाली येतो.

असे असले तरी घरच्या तालमीसाठी ड्रेसाजचे प्राथमिक धडे मी सुचवेन. २० बाय ४० मीटरची सपाट जागा आखून वर्तुळे, थांबे आणि जमिनीवर ठेवलेल्या वाशांवरून चालणे करून घेतले, तर एका बाजूचे पाय जवळजवळ जोडीने टाकण्याची सवय मोडायला मदत होते आणि पाठही मजबूत होते. या तयारीवर एन्ड्युरन्स निवडावे. टेंट पेगिंगचा विचार कँटर स्वच्छ असेल तरच करावा. कोणताही प्रकार निवडला, तरी पाच वर्षांखालील घोड्याला दीर्घ पल्ल्याचे वा भरधाव काम देऊ नये आणि स्पर्धेसाठी वाहनातून नेण्यापूर्वी ग्लँडर्स या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी करून घ्यावी.