ग्रोथ हॉर्मोनचं पेन: नऊ महिन्यांनंतर

मुलगा साडेनऊ वर्षांचा, उंची ११५ सेंमी. 'बापावर गेलाय, उशिरा वाढेल' असं घरात सगळेच म्हणायचे, मीसुद्धा. पण वर्षभरात चार सेंमीही वाढला नाही तेव्हा डॉक्टरांनी डाव्या मनगटाचा एक्स-रे काढला. हाडांचं वय निघालं साडेसहा. मग शरीर ग्रोथ हॉर्मोन पुरेसं बनवतं का हे बघायला उपाशीपोटी क्लोनिडिनची (ते हॉर्मोन सोडायला लावणारी) गोळी देऊन ठरावीक वेळाने रक्त घेतलं. त्या गोळीने बीपी उतरतं, त्यामुळे पोरगा झोपूनच होता. पुढे दुसरी टेस्ट, एमआरआय, आणि ग्रोथ हॉर्मोनचं रोजचं इंजेक्शन सुरू.

पेन वापरायला सोपं आहे. आकडा फिरवायचा, टोचायचं, बटण दाबून दहापर्यंत मोजायचं. सुई चार मिलिमीटरची. पहिल्या रात्री हात माझाच थरथरला, मोजणी त्याने केली. रोज जागा बदलायची: आज डावी मांडी, उद्या उजवी. नवीन कार्ट्रिज (पेनात बसणारी औषधाची नळी) लावलं की सुईच्या टोकावर थेंब दिसेपर्यंत हवा काढायची. गदागदा हलवायचं मात्र नाही.

खरी कटकट फ्रीजची. २ ते ८ अंश म्हणजे दारातला कप्पा पुरतो, पण मी शहाणपणा करून कार्ट्रिज पार मागे, बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवलं. सकाळी गोठलेलं. पुन्हा पातळ झालं तरी वापरायचं नसतं, गेलं कचऱ्यात. आता गावी जाताना जेल पॅक आणि पेन यांच्या मध्ये टॉवेलची घडी असते.

पहिले दोन महिने काहीच दिसलं नाही, फक्त भूक वाढली. आठवड्याला भिंतीला उभं करून मोजायचा वेडेपणा करू नका. दुसऱ्या आठवड्यात त्याचं डोकं दुखलं तर डॉक्टरांनी लगेच डोळ्यांचे पडदे तपासून घेतले, या औषधाने क्वचित डोक्यातला दाब वाढतो म्हणून. काही निघालं नाही, पण अशी डोकेदुखी अंगावर काढायची नाही हे कळलं. दर तीन महिन्यांनी रक्ताच्या तपासण्या: आयजीएफ-१ (ग्रोथ हॉर्मोनचा परिणाम दाखवणारं प्रथिन) आणि थायरॉईड.

आज उंची १२२. शाळेच्या दोन पँटी घोट्याच्या वर गेल्यात. जिमवाल्या भाच्याने बॉडी बनवायला एक कार्ट्रिज मागून पाहिलं, त्याला चहा पाजून परत पाठवला.

मेडिक्लेमने हात वर केलेत, खर्च खिशातूनच. त्यात डोस वजनावर ठरतो. वीस किलोचा होता तेव्हा रोज ०.६ मिलिग्रॅम, आता तेवीसला ०.७. दहा मिलिग्रॅमचं कार्ट्रिज सोळा दिवस जायचं, आता जेमतेम चौदा.